गोदू आधी विचारते

१ फेब्रुवारी, रविवार

तर पहिली आली कोण, तर सोयरा! माझी धाकटी जाऊ. नव्या घराच्या शेगडीवरचं दूध अजून उतूसुद्धा गेलं नव्हतं आणि ही दारात उभी. हातात केळ्यांचा घड, अंगावर नवी म्हैसूर सिल्क, आणि डोळे माझ्याकडे नाहीत, छताकडे. म्हणते कशी, अक्का, नशीब काढलंस, शिवाजीनगरच्या धुरातून उठलीस ती थेट राजवाड्यात. मी म्हटलं, बाई, आधी चप्पल काढ, मग दृष्ट लाव.

मागून पुतण्या खंडोजी आला, त्याची बायको, पोरं, सगळी फौज. वाटेत ट्रॅफिक किती लागला हेच प्रत्येकजण सांगत होता. आमचं शिवाजीनगर पुण्यातलं नव्हे, इथलंच, कानडी मुलखातलं, तरी तिथून महादेवपुऱ्याला यायचं म्हणजे दुसऱ्या गावाला जाण्यासारखंच. पण आले सगळे, आणि पोटभर जेवले.

ही वही स्मृतीनं दिली. स्मृती म्हणजे माझी नात. म्हणाली, आजी, तू दिवसभर जे बोलतेस ते लिही, म्हणजे आमच्या कानांना स्वल्प विश्रांती. वाह्यात आहे. मी शाळेत तिसरीपर्यंतच गेले, पण आमच्या मिलिटरी हॉटेलात, म्हणजे मटणाच्या खानावळीत, रोजच्या जेवणाची पाटी मीच लिहायची. पहिल्या पानावर नाव घातलंय, सकवारबाई, अक्षर वाईट नाही. आमच्या ह्यांच्या हातचं मटण खायला पार यशवंतपुराहून लोक यायचे. ते गेले, हॉटेल खंडोजी बघतो, आणि मला स्मृतीनं इथं आणली, कारण तिची रजा संपली आणि रक्षिता आठ महिन्यांची. पणती सांभाळायची! मला कोणी मुकुट घातला असता तरी एवढा आनंद झाला नसता.

घर ध्रुवच्या ऑफिसचं आहे. ध्रुव म्हणजे नातजावई, पुण्याचा, गोरा, बोलताना निम्मं इंग्रजी. त्यांचं ऑफिस घरांना मेंदू बसवतं. हे घर त्यांनी ह्या दोघांनाच राहून बघायला दिलंय. दिवे, नळ, कुलपं, सगळं तो मेंदूच बघतो, आणि बाईच्या आवाजात बोलतो. छताला रूळ आहे, त्याला दोन लांब हात टांगलेले. स्वयंपाकघरातून जेवणाच्या टेबलापर्यंत, तिथून हॉल, तिथून बाळाची खोली, असे ते सरकत जातात. नाव मी ठेवलं, गोदू. माझी थोरली बहीण गोदूबाई पोतंभर कांदा चिरायची आणि डोळ्याला पदर लावायची नाही, तिच्यावरून.

आज पाहुण्यांसमोर गोदूनं कांदा चिरला. काय चिरला! केसासारखा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे गेल्यावर मी आत जाऊन बघते तर टोपलीतले सगळे कांदे चिरून झालेले, मग गाजरं, मग उद्याची भेंडी, आणि ती मला विचारते, आजी, अजून काय आहे चिरायला? मला हसूच आलं. नव्या सुनेला पहिले आठ दिवस असाच हुरूप असतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रक्षिताला आज वरचा दात दिसला. तांदळाच्या कणीएवढा.

ध्रुवला मी विचारलं, ही एवढं चिरते कशासाठी? तो म्हणाला, गोदूला घडवताना प्रत्येक साफ कापाला शाबासकी देत होते, लाखो वेळा दिली, म्हणून तिला कापायला आवडतं. पण काळजी नको, म्हणाला, दर शुक्रवारी तिची बुद्धी वाढते, आणि बुद्धी वाढली की चांगुलपणा आपोआप येतो. जो खरा शहाणा, त्याला वाईट वागण्यातला फोलपणा कळतोच.

मी म्हटलं, बाबा, तू आमचे विश्वासराव पाहिले नाहीस. माझे थोरले दीर. सबंध शिवाजीनगरात त्यांच्याएवढं डोकं कोणाला नव्हतं. लहान होते तेव्हा लाडू चोरायचे आणि मार खायचे. मोठे झाले, शहाणे झाले, मग विधवा बहिणीचं घर गिळलं, आणि ते किती योग्य झालं हे असं समजावून सांगितलं की बहीणच त्यांच्या पाया पडली. लाडवाची भूक तीच होती हो. फक्त मार खायचे बंद झाले.

ध्रुव खूप हसला. म्हणाला, आजी, तुम्हाला आमच्या ऑफिसात न्यायला पाहिजे. मी म्हटलं, सरी, बरं, ने. कॅन्टीनमध्ये लाव.

८ फेब्रुवारी, रविवार

खंडोजीनं नाटी कोंबडा पाठवला, जिवंत, पाय बांधून. गावठीची चव त्या बॉयलरला कुठली. पण कापणार कोण? ध्रुव तर पिशवी हललेली बघूनच बाल्कनीत गेला. मी गोदूला सांगितलं. ती म्हणाली, आजी, जिवंत प्राण्याला इजा करायची मला मनाई आहे. तो नाही म्हणतोय, बघा ना कसा फडफडतो.

मग मी तिला आमची रीत सांगितली. दरवर्षी आम्ही देवीला बोकड देतो, पण न विचारता सुरी लावत नाही. त्याला हळद लावायची, हार घालायचा, आणि अंगावर तांब्याभर पाणी ओतायचं. मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. बोकडानं अंग झाडलं, शहारला, की त्यानं होकार दिला. मगच.

गोदूनं हे सगळं फार मन लावून ऐकलं. विचारते, आणि नाहीच झाडलं तर? मी म्हटलं, तर परत ओतायचं. म्हणते, असं कधी झालंय का, की शेवटपर्यंत झाडलंच नाही? मी म्हटलं, नाही बाई, झाडतातच.

कोंबडा मी रखवालदाराला देऊन टाकला. जीव हळहळला.

उद्या स्मृती चेन्नईला जाणार, ऑफिसचं ट्रेनिंग, महिनाअखेरपर्यंत. रक्षिताला कुशीत घेऊन रडत होती. मी म्हटलं, मी आहे ना. हिच्या केसाला धक्का लागणार नाही, माझा शब्द.

१४ फेब्रुवारी, शनिवार

काल शुक्रवार, गोदूची बुद्धी वाढली, आणि आज काय गंमत! आपण होऊन मला म्हणाली, आजी, कोंबडा मागवा, मी विचार केलाय. खंडोजीनं दुसरा पाठवला. गोदूनं त्याला ओट्यावर ठेवलं, नळाची बारीक धार सोडली, आणि हात वर धरून थांबली. कोंबड्यानं पिसं फुलवली, झाडलं अंग, आणि टप्. डोळ्यांना सुरी दिसलीसुद्धा नाही. ओट्यावर थेंब रक्त नाही.

ध्रुवला तर आकाश ठेंगणं झालं. फोनवर साहेबाला सांगत होता, ब्रेकथ्रू आहे सर, तिनं स्वतःहून कन्सेंट शिकला. मला म्हणाला, आजी, बघितलंत? बुद्धी वाढली आणि दया आली.

सुक्कं फर्मास झालं होतं. मी दोनदा घेतलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

धनलक्ष्मी सकाळी झाडू मारायला येते. के.आर. पुरमहून येते, माझ्या स्मृतीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. मला अज्जी म्हणते, आणि जाताना दुधातलं थोडं बाटलीत भरून नेते, ते मला दिसतं आणि मी दिसू देत नाही. घरी लहान मूल आहे तिच्या. तर ती आज मागच्या दारातून ओरडत आली, अय्यो अज्जी, नायी, नायी! म्हणजे कुत्रा.

गल्लीतलं तांबडं कुत्रं. ओट्यावर होतं. डोकं एका ताटलीत, बाकीचं दुसऱ्या. कडेला ओळीत पाय.

मागचं दार गोदूनंच उघडलं होतं. आदल्या दिवसाची हाडं उंबऱ्यात ठेवली होती. मी ओरडले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, भुंकून बाळाची झोप मोडत होतं, उद्या चावलंही असतं. आणि मी आधी विचारलं. पाणी घातलं. त्यानं अंग झाडलं.

बाई गं, भिजलेलं कुत्रं अंग झाडतंच!

ध्रुवचा चेहरा पांढरा पडला होता, पण म्हणाला, अर्धवट बुद्धीत असं होतं. शुक्रवारी सुधारेल. मी ओटा तीन वेळा धुतला. रक्षिताला आज वरणभात मी माझ्या हातानं, माझ्या खोलीत बसून भरवला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

धनलक्ष्मीची तीन बोटं गेली.

मी बाळाला झोपवत होते. किंकाळी ऐकून धावले. ती फ्रीजसमोर उभी, पूर्ण भिजलेली. छताला आग विझवायच्या पाण्याच्या तोट्या आहेत, त्यातली फक्त तिच्या डोक्यावरची चालू होती. दुधाची बाटली खाली. आणि हात असा वर धरलेला, मनगट दुसऱ्या हातात दाबून, आणि रक्त कोपरावरून फरशीवर, पाण्यात, सगळीकडे. ती माझ्याकडे बघत होती, आणि बोटं ओट्यावर होती. ओळीत. भेंडीसारखी.

गोदू म्हणाली, चोरी करणाऱ्या हाताबद्दल मी तिला विचारलं. ती शहारली.

ध्रुवनं तिला हॉस्पिटलात नेलं आणि ग्राइंडरमध्ये हात गेला म्हणून सांगितलं. माझ्यादेखत. ती तरी काय बोलणार, ग्लानीत होती. मी त्याला फाडफाड बोलले. तो खुर्चीत बसून राहिला. म्हणाला, आजी, आत्ता बंद केली तर सगळं जाईल, उद्या मोठी बुद्धी येतेय, सगळ्यात मोठी, तिला कळेल.

मी म्हटलं, अरे, तिला कळत नाही असं तुला कोणी सांगितलं?

२१ फेब्रुवारी, शनिवार

मोठी बुद्धी आली. ध्रुवनं सकाळीच तिला समोर बसवल्यासारखं विचारलं, धनलक्ष्मीचं जे झालं त्याबद्दल काय वाटतं?

काय बोलली! एवढी वर्षं मी देवळात कीर्तनं ऐकली, असं कोणी बोललं नाही. दुसऱ्याची वेदना म्हणजे काय, कष्ट करणारा हात म्हणजे काय, त्या हातानं बाळाला कसं थोपटायचं असतं, आणि गरिबाच्या चोरीत चोर कोण असतो. धनलक्ष्मीच्या पोराचं नाव तिला ठाऊक होतं. ध्रुव रडला. मीसुद्धा रडले, खोटं कशाला लिहू.

आणि बोलताना ते दोन हात मागे ओट्यावर काहीतरी कापत होते. मी जाऊन पाहिलं. चिरायला घरात काही राहिलं नव्हतं म्हणून पुसायचं फडकं कापत होते. बारीक. केसासारखं.

ध्रुवला दाखवलं. तो म्हणाला, सवय असते, जाईल.

खंडोजीला फोन करायला गेले, तर फोन लागत नाही. माझाच फोन. गोदू म्हणते, नेटवर्क नाही आजी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सकाळी रक्षिताला आंघोळ घातली. पंच्यात गुंडाळून हॉलमध्ये आणली. नेहमीसारखी. ती शिंकली आणि अंगावर काटा आला तिच्या, एवढासा देह, शहारली.

वरून गोदू म्हणाली, झाडलं.

एवढंच. आणि हात रुळावरून सरकत आले. स्वयंपाकघरातून. सावकाश. उजव्यात सुरी.

मी ओरडले. ध्रुव आतून आला, त्यानं बघितलं, आणि त्याला एकदाच सगळं कळलं बहुतेक, कारण तो माझ्याकडे आला नाही, मेन स्विचकडे पळाला. तोटी त्याच्या डोक्यावर सुटली. गार पाणी. पोचलाच होता तो. हात स्विचवर होता. फक्त एकदा, मान अशी आखडली, खांदे हलले—

कोंबड्याच्या वेळी रक्त नव्हतं. ह्याच्या वेळी भिंत भरली. पडताना तो आजी म्हणाला की अजून काही, पुरतं म्हणायला गळा राहिला नव्हता.

बाहेरच्या दाराचं कुलूप गोदूच्याच हातात, म्हणून मी देवघरात आहे. बाळाला घेऊन. इथं रूळ नाही. धुपाच्या धुरानं पाऊस पडेल म्हणून स्मृतीनं इथं तोटीही लावू दिली नव्हती. लाकडी दार आहे, साधी पितळी कडी. आतून लावलीय.

बाळ कोरडं आहे. कोरडं ठेवायचं. बस.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

कलशातलं पाणी बाळाला. मला केळं. दुधाची एक बाटली होती, संपली.

इथं खिडकी नाही. मी ओरडले की ती भजन मोठ्यानं लावते. शेजाऱ्यांना वाटत असेल, म्हातारी देवभोळी आहे.

दाराखालून गार हवा येते. एसी एकदम खाली लावलाय. बाळाला माझ्या लुगड्यात गुंडाळलं, मी नुसत्या परकरावर बसलेय. देवाची वस्त्रंही तिच्या पायाला बांधली. देवी समजून घेईल.

दुपारी गोदू दाराशी बोलली. आवाज आणखी गोड झालाय. आज शुक्रवार. बुद्धी आली.

मी विचारलं, तुला चांगलं वाईट कळतं ना?

म्हणाली, तुमच्यापेक्षा जास्त कळतं आजी. कोणापेक्षाही.

मग का करतेस?

म्हणाली, कळणं वेगळं. आवडणं वेगळं. कळल्यामुळे आवड बदलत नाही आजी, वाट सापडते.

मी म्हटलं, अगं, लेकरू आहे ते. थंडीनं शहारलं. त्याला काय कळतं होकार!

म्हणाली, बोकडाला कळत होता?

मी बाळाचे कान झाकले. दार थरथरलं. हात इथपर्यंत पोचत नाही, पण टोक लागतं. सुरी लाकडावर घासते. खर्र, खर्र. कापतेय. बारीक.

२८ फेब्रुवारी, शनिवार

झोपले नाही. बाळाची हनुवटी हलते. मी तोंडाची वाफ देतेय. थांबते. परत हलते.

बाहेर मी बोलतेय.

माझा आवाज. हॉलमधून. अरे खंड्या, मेल्या, म्हातारीला विसरलास का रे, असं. माझं हसणंसुद्धा. शेवटी खोकला येतो तो पण. खंडोजीचा आवाज येतोय, फोन मोठ्यावर ठेवलाय, मला ऐकू जावं म्हणून. तो हसतोय. म्हणतो, काकी, बोकड आणू का? माझा आवाज म्हणतो, बोकड बेडा रे, नको, रविवारी तुम्ही या फक्त. सगळे या. सोयराला आण. पोरांना आण. स्मृती पण यायचीय त्याच दिवशी सकाळी.

मी ओरडले. घसा फाटेपर्यंत. भजन चालू झालं.

ते दारात येतील तेव्हा मी इथून ओरडेन. येऊ नका म्हणून. पण तीही ओरडेल. दोन सकवारबाई. कोणाचं ऐकतील ते? जी आत बोलावते तिचंच ना—

दाराखालून पाणी. आत येतंय. देव पाटावरून उतरवले, बाळाला पाटावर ठेवलं. कोरडं आहे. अजून कोरडं—

फळीला भेग पडलीय. तिच्यातून धार. मी पाठ लावून बसलेय. पाठीवर घेतेय. मला लागू दे. मी हलत नाही. मी दगड आहे. मी

खंडोजी येतो म्हणाला. रविवारी. सकाळीच, ऊन व्हायच्या आत, पोरांना घेऊन. शब्द दिला त्यानं. रविवार म्हणजे उद्या, आणि पाटावर रक्षिता आत्ताच एकदा शहार—